पोरगा तर हुशार आहे, मग रिपोर्टमध्ये ‘डिसॅबिलिटी’ का लिहिलंय?

पत्र असं आहे:

प्रिय मावशी, माझा मुलगा चौथीत आहे, सेमी इंग्लिशला. तोंडी काहीही विचारा, फटाफट सांगतो, कुठल्या ट्रॅक्टरला किती हॉर्सपॉवर ते पण पाठ आहे. पण पुस्तक समोर ठेवलं की एकेक अक्षर लावत बसतो, आणि लिहिताना वेलांट्या, जोडाक्षरं सगळी गायब. बाई म्हणाल्या एलडीची, म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट करून घ्या. करून घेतली. रिपोर्टमध्ये आयक्यू ९८ आणि खाली ‘स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी, वाचन आणि लेखन’ असं आलंय, गणित ठीक आहे म्हणतात. आता घरात तीन तऱ्हा. सासूबाई म्हणतात आमच्या घराण्यात कुणी मतिमंद नाही. हे म्हणतात नाटकं आहेत सगळी, मी पण लहानपणी असाच होतो, दोन फटके खाल्ले आणि सुधारलो. नणंद इंग्लंडला असते, तिने तिकडच्या सरकारी आरोग्यसेवेच्या साइटवर बघितलं तर लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे बुद्धीच कमी असं लिहिलंय, ती फोनवर रडायलाच लागली. नक्की कुणाचं खरं? माझा मुलगा अपंग आहे का? सर्टिफिकेट काढू की नको, कायमचा शिक्का बसेल का? आणि त्याला काय सांगू? — एक आई, सांगली जिल्हा

अगं, मावशी म्हणून लिहिलंयस तर मी पण अगं-तुगंच करते. आणि आधी नणंदेचं बघू, कारण ती बिचारी सातासमुद्रापार बसून रडतेय आणि तिचं वाचण्यात काही चुकलेलं पण नाहीये. तिकडे ब्रिटनमध्ये ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव खरंच बुद्धीच्या वाढीसाठी वापरतात, म्हणजे आपण इकडे ज्याला बौद्धिक अक्षमता म्हणतो ते, रोजचे व्यवहार, पैसे, नवीन गोष्ट समजणं, सगळ्यालाच मदत लागते अशी स्थिती. तुझ्या मुलाला जे आहे त्याला ते लोक ‘लर्निंग डिफिकल्टी’ म्हणतात नाहीतर सरळ डिसलेक्सिया. आणि आपण भारतात नाव उचललं अमेरिकेकडून, तिथे लर्निंग डिसॅबिलिटी म्हणजे वाचन, लेखन, गणित यातल्या ठरावीक अडचणी. तर एकाच नावाच्या दोन देशांत दोन पाट्या आहेत, आणि तुझी नणंद दुसऱ्याच पाटीखाली उभी राहून रडतेय. तिला फोन करून सांग की तिकडच्या साइटवर डिसलेक्सिया शोध, मग तुला आपला भाचा दिसेल.

इंग्लंडचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. १८९६ साली तिकडच्या ससेक्समधल्या प्रिंगल मॉर्गन नावाच्या डॉक्टरने ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं होतं. मुलगा चांगला चुणचुणीत, खेळात पुढे, आकडे तर मोठमोठे धडाधडा वाचायचा, पण साधे शब्द वाचता येईनात, स्वतःचं नाव लिहिताना पण अक्षरं मागेपुढे व्हायची. आणि त्याच्या मास्तरांचं म्हणणं काय होतं माहितीये, की शिकवणं सगळं तोंडीच असतं तर हा शाळेतला सगळ्यात हुशार मुलगा ठरला असता. तुझ्या पत्रातलं दुसरं वाक्य आणि हे, फरक दाखव मला. तेव्हा या प्रकाराला शब्दांधळेपणा म्हणायचे, पाहिलेल्या शब्दांची आठवण मेंदूत राहत नाही अशी समजूत होती. पुढे कळलं की पाहण्याशी फारसा संबंधच नाही.

मग संबंध कशाचा? हे जरा नीट सांगते कारण हे कळलं की बाकीचं भांडण अर्धं मिटतं.

बोलणं आपल्याला आपोआप येतं, मूल ऐकून ऐकून बोलायला लागतं, वाचणं मात्र शिकवावं लागतं. वाचताना मेंदूला एक खास काम करायचं असतं, बोललेल्या शब्दाचे आवाजाचे बारीक तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकडा कागदावरच्या खुणेला जोडायचा, आणि ते इतकं घोटायचं की विचार न करता व्हायला पाहिजे. तुझ्या मुलासारख्या मुलांना नेमकं हे तुकडे पाडणं आणि जोडणं जड जातं. बाकी समजणं, तर्क, आठवण (ट्रॅक्टरचे हॉर्सपॉवर!), गप्पा, सगळं जागच्या जागी. आता आपली देवनागरी तशी प्रेमळ लिपी, जसं बोलतो तसं बरंचसं लिहितो, पण तिचेही नखरे आहेत. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी काढायची आणि उच्चार मात्र नंतर. ‘र’ तर बहुरूपीच, सूर्यामध्ये डोक्यावर बसतो, प्रकाशात पायाशी जातो, राष्ट्रात अजून वेगळा, तऱ्हेत अजून वेगळा. ज्याला आवाज आणि खूण जुळवतानाच दम लागतोय त्याने हे कुठे कुठे सांभाळायचं? म्हणून वेलांट्या आणि जोडाक्षरं गायब होतात, आळस म्हणून नाही.

आणि एक गंमत अशी की मराठीत अशी मुलं बऱ्याचदा उशिरा का होईना बरोबर वाचायला लागतात, फक्त वेग येत नाही, त्यामुळे शाळेत म्हणतात ‘येतंय की त्याला, लक्ष देत नाही.’ इंग्रजीत मात्र एकदम उघडं पडतं, कारण तिथे पी-यू-टी पुट आणि बी-यू-टी बट हा आपल्या सगळ्यांच्याच लहानपणीचा घोळ आहे. तुझा मुलगा सेमीचा म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत आणि बाकी मराठीत. म्हणून मला रिपोर्ट बघायचा असता तर पहिला प्रश्न हाच विचारला असता की वाचनाची टेस्ट कुठल्या भाषेत घेतली? नुसती इंग्रजीत घेतली असेल आणि घरी इंग्रजी अजिबात नसेल तर ‘भाषा नवी आहे म्हणून अडतो’ आणि ‘वाचन मुळातच अडतं’ यातला फरक कसा कळणार? मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरने यासाठीच ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली, २०१५ मध्ये आली, पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी, हिंदी, कन्नड, इंग्रजी आणि चक्क मराठीत पण आहे. सायकॉलॉजिस्टला विचार मराठीत काय काय तपासलं ते. विचारण्यात लाजायचं काही नाही, पैसे दिलेत आपण. तू लिहितेस मराठीतही तो अक्षर लावत बसतो, त्यामुळे निष्कर्ष बदलेल असं मला वाटत नाही, पण विचार.

कान आणि डोळे तपासले ना? ते टेस्टच्या आधीच व्हायला पाहिजे. नसतील तर या आठवड्यात.

आता सासूबाई. त्यांच्या काळात दोनच कप्पे होते, हुशार आणि मठ्ठ, आणि फारच वाटलं तर मतिमंद. त्यामुळे डॉक्टरकडून कागद आला म्हणजे तिसऱ्या कप्प्यात गेला असं त्यांना वाटणं स्वाभाविक आहे, त्यांच्यावर चिडू नकोस. त्यांना रिपोर्टमधला आयक्यूचा आकडा दाखव. ९८ म्हणजे अगदी मधोमध, शंभर ही सरासरी असते. बौद्धिक अक्षमता म्हणायला साधारण सत्तरच्या खाली लागतो आणि शिवाय रोजच्या व्यवहारातही अडचण दिसावी लागते. तुझा मुलगा दुकानातून सुट्टे पैसे मोजून आणत असेल ना? झालं. आणि हे पण त्यांना हळूच सांग, की ज्यांच्या घरात खरंच बौद्धिक अक्षमता असलेलं मूल आहे ती घरं पण आपल्यासारखीच असतात, त्यात घराण्याचा काही प्रश्न येत नाही. हे बोलणं अवघड जाईल पण पोरासमोर ‘मतिमंद’ हा शब्द शिवीसारखा वापरला जाऊ नये एवढं तरी व्हायलाच पाहिजे, तो सगळं ऐकत असतो.

पण तू विचारलंस नक्की कुणाचं खरं, तर व्याख्येचं म्हणशील तर तज्ज्ञांमध्ये पण गेली साठ वर्षं ओढाताण चालू आहे, त्यामुळे तुमच्या घरात तीन मतं असली तर त्यात विशेष काही नाही. ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ हे नाव गाजलं ते १९६३ मध्ये, शिकागोला पालकांचीच एक परिषद होती, तिथे सॅम्युअल कर्क नावाच्या शिक्षणतज्ज्ञाने ते मांडलं. आई-बापांना तेव्हा काय पाहिजे होतं, तर आमचं मूल मंद नाही, आंधळं-बहिरं नाही, वाया गेलेलं नाही, तरी शिकताना अडतंय, याला काहीतरी नाव द्या म्हणजे शाळेकडे मदत मागता येईल. नाव मिळालं, चळवळ उभी राहिली, पुढे कायदे झाले. आणि मजा म्हणजे त्याच भाषणात कर्क साहेबांनी असंही बोलून दाखवलं होतं की मुलांना लावलेली ही नावं आपल्यालाच समाधान देतात, मुलाला त्यांचा फारसा उपयोग होत नाही. मला हे फार प्रामाणिक वाटतं.

मग नाव दिल्यावर प्रश्न आला की हे ओळखायचं कसं, तर अमेरिकेत बरीच वर्षं सूत्र असं चाललं की आयक्यू जास्त आणि वाचन त्या मानाने खूपच कमी, दोन्हीत मोठी तफावत पाहिजे, तरच लर्निंग डिसॅबिलिटी. ऐकायला शहाणपणाचं वाटतं ना? पण झालं काय की तफावत मोजण्याइतकी मोठी व्हायला मूल तिसरी-चौथीपर्यंत मागे पडावं लागायचं, म्हणजे पोरगं आधी नापास होऊ दे मग बघू. आणि संशोधनात असं दिसत गेलं की वाचनात अडणाऱ्या मुलांचा आयक्यू जास्त असो की थोडा कमी, अडचण तीच असते, आवाज आणि अक्षर जुळवण्याची, आणि शिकवायची पद्धत पण तीच लागते. म्हणून २००४ च्या अमेरिकन कायद्याने तफावतीची सक्ती काढून टाकली. मानसोपचाराची जी अमेरिकन नियमावली आहे, डीएसएम, तिच्या २०१३ च्या पाचव्या आवृत्तीनेही तसंच केलं, तिथे आता बघतात की निदान सहा महिने नीट मदत देऊनही अडचण राहिली का, वयाच्या मानाने वाचन-लेखन-गणित किती मागे आहे, आणि दुसरं काही कारण आहे का.

आपल्याकडे मात्र आयक्यूची अट घातली गेली. जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात आयक्यू ८५ च्या वर असेल तरच पुढची एसएलडीची, म्हणजे स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीची टेस्ट, जी बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तयार केलीय. तुझा मुलगा ९८ मुळे आत आला. पण ज्याचा आकडा ऐंशी आला, त्याचं काय? तो बौद्धिक अक्षमतेतही बसत नाही आणि एसएलडीतही नाही, शाळा त्याला ‘स्लो लर्नर’ म्हणते आणि त्याला ना सवलत ना सर्टिफिकेट, वाचताना मात्र तो तुझ्या मुलासारखाच अडखळतोय. मला विचारशील तर हा अन्याय आहे, आणि हे मी तुला एवढ्यासाठी सांगतेय की रिपोर्टमधला आकडा बघून ‘सुटलो बाई’ म्हणून आनंद मानू नकोस आणि दुसऱ्याच्या मुलाचा आकडा ऐकून नाक पण मुरडू नकोस. हे आकडे माणसांनी ठरवलेल्या रेषा आहेत.

रेषा म्हणजे कशा, तर ब्लड प्रेशरसारख्या. बीपी सगळ्यांनाच असतं, कुणाचं कमी कुणाचं जास्त, मग डॉक्टर लोकांनी बसून ठरवलं की या आकड्याच्या वर गेलं की औषध द्यायचं. आकड्याच्या खाली एक पॉइंट असलेला माणूस ठणठणीत आणि वर एक पॉइंट असलेला आजारी असं काही शरीरात होत नाही, पण कुठेतरी रेष ओढल्याशिवाय उपचार कुणाला द्यायचे ते ठरत नाही. वाचनाचं तसंच. ब्रिटनमध्ये २००९ मध्ये जिम रोझ यांचा सरकारी अहवाल आला होता, त्यातही डिसलेक्सियाबद्दल हेच म्हटलंय की हा एक चढता-उतरता पट्टा आहे, ठाम सीमारेषा नाही, आणि तो सगळ्या बुद्ध्यांकाच्या लोकांमध्ये सापडतो. त्यामुळे ‘आहे की नाही’ यावर घरात कोर्ट भरवण्यापेक्षा ‘किती आहे आणि कशात आहे’ हे विचारायला लागा. रिपोर्टच्या आतल्या पानांवर ते लिहिलेलं असतं, सगळे फक्त शेवटची ओळ वाचतात.

आता तुझा सगळ्यात टोचणारा प्रश्न, मुलगा अपंग आहे का. कायद्याच्या भाषेत, हो, तो दिव्यांग व्यक्तींच्या कायद्यात येऊ शकतो. पण कायद्याची भाषा कशी बदलते ते बघ. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारची अपंगत्वं होती, त्यात लर्निंग डिसॅबिलिटीचं नावच नव्हतं. २०१६ च्या कायद्याने यादी एकवीसवर नेली आणि तेव्हा ‘स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटीज’ आत आलं, एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. म्हणजे तुझाच मुलगा वीस वर्षं आधी जन्मला असता तर केंद्राच्या कायद्याने तो अपंग नव्हता, फक्त ‘ढ’ होता. महाराष्ट्राला मात्र याचं श्रेय द्यायला पाहिजे, आपल्या राज्याने १९९६ मध्येच अशा मुलांना परीक्षेच्या सवलती मान्य केल्या होत्या, केंद्राच्या कायद्याच्या कितीतरी आधी, आणि मुंबईच्या सायन हॉस्पिटलसारख्या ठिकाणी एलडी क्लिनिक चालू होती. त्याच वर्षी मुंबईत पालक आणि तज्ज्ञांनी मिळून महाराष्ट्र डिसलेक्सिया असोसिएशन पण काढली.

तर सर्टिफिकेट काढ. माझं स्पष्ट मत आहे. शिक्क्याचं म्हणतेस तर शिक्का त्याच्यावर वर्गात आधीच बसलाय, ‘मठ्ठ’ नाहीतर ‘आळशी’ असा, आणि त्या शिक्क्यावर कुठलीच सवलत मिळत नाही. सर्टिफिकेट तुमच्या कपाटात राहतं, कुठे दाखवायचं ते तुम्ही ठरवायचं. त्याने काय मिळतं? परीक्षेत जादा वेळ, लागला तर लेखनिक, शुद्धलेखनाचे मार्क न कापणं, तिसऱ्या भाषेतून सूट. राज्य बोर्डात बीजगणित-भूमितीऐवजी खालच्या इयत्तेचं गणित घ्यायची पण सोय ठेवलेली आहे, पण तुझ्या मुलाचं गणित चांगलं आहे तर मिळते म्हणून ती सवलत अजिबात घेऊ नकोस, पुढे सायन्स किंवा डिप्लोमाला जायचं म्हटलं की तेच गणित आडवं येईल, आणि ट्रॅक्टरचं वेड असलेला मुलगा आयटीआय-डिप्लोमाकडे जायची शक्यता बरीच. अजून पुढचं सांगायचं तर कायद्यात उच्च शिक्षणात पाच टक्के जागा आणि सरकारी नोकरीत चार टक्के आहेत, त्या चारातला एक टक्का एसएलडी, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, मानसिक आजार आणि एकाहून जास्त अपंगत्वं या सगळ्यांत मिळून, पण त्याला चाळीस टक्के किंवा जास्त असं सर्टिफिकेट लागतं. परीक्षेतल्या सोयींचं मात्र तसं नाही. २०२१ मध्ये ‘नीट’ या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला बसलेल्या, डिसग्राफिया म्हणजे लिहिण्यातली अडचण असलेल्या एका मुलीला केंद्रावर जादाचा तास दिला नव्हता, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, आणि कोर्टाने स्पष्ट सांगितलं की अशी सोय हा हक्क आहे आणि तो फक्त चाळीस टक्क्यांवरच्यांनाच आहे असं म्हणता येणार नाही. तिची परीक्षा पुन्हा घेतली नाही तो भाग वेगळा. म्हणून कागद वेळेत तयार पाहिजेत, परीक्षेच्या आदल्या महिन्यात धावपळ करून काही होत नाही.

एक लक्षात घे, खासगी सायकॉलॉजिस्टचा रिपोर्ट हा रिपोर्ट, सर्टिफिकेट सरकारने नेमलेल्या हॉस्पिटलकडूनच मिळतं, त्यासाठी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज करायचा आणि सिव्हिलला चौकशी करायची. तिथे बालरोगतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट आणि विशेष शिक्षक अशी मंडळी परत तपासतात, त्यामुळे दोन-तीन चकरा धर. २०१८ च्या सूचनांप्रमाणे वयाच्या आठ वर्षांनंतर टेस्ट व्हायची, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी परत, अठराव्या वर्षीचं कायमचं. २०२४ मध्ये सूचना सुधारल्या आहेत, तेव्हा गेलीस की आत्ताचा नियम तिथेच विचारून घे, व्हॉट्सअॅपवर आलेल्या जुन्या पीडीएफवर जाऊ नकोस.

पण सर्टिफिकेटने वाचायला येत नाही बरं का! हे मी मुद्दाम ओरडून सांगतेय कारण पुष्कळ आई-बाप सवलती मिळाल्या की सुटकेचा श्वास टाकतात आणि शिकवणं राहूनच जातं. त्याला पाहिजे विशेष शिक्षक, रेमेडियल म्हणतात ते, एकास एक, जो आवाजापासून सुरू करेल, एक आवाज, एक खूण, जोडून शब्द, मग वाक्य, क्रमाने, परत परत, आणि पुढच्या पायरीवर तेव्हाच जाईल जेव्हा आधीची पक्की होईल. तालुक्याला असा कुणी नसेल तर ऑनलाइन घेणारे आहेत, आणि शाळेत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक येतात का ते मुख्याध्यापकांना विचार, कारण असं मूल लवकर ओळखणं आणि त्याला साजेसं शिकवणं हे २०१६ च्या कायद्याच्या सोळाव्या कलमात शाळांचंच काम म्हणून लिहिलंय. चाळीस पोरांची नेहमीची ट्युशन लावू नकोस, तिथे तेच होणार जे वर्गात होतंय, वर संध्याकाळचं खेळणं पण जाणार.

घरी रोज पंधरा-वीस मिनिटं पुरे. तू एक ओळ वाच, मग तीच ओळ दोघं मिळून, मग तो एकटा. त्याच पानावर तीन-चार दिवस राहिलीस तरी चालेल, वेग असाच येतो. आणि हे मात्र कटाक्षाने कर, इतिहास-भूगोल-विज्ञान त्याला तू वाचून दाखव. वाचता येत नाही म्हणून पोराचं ज्ञान मागे पडायला लागलं की पाचवी-सहावीत खरंच तो सगळ्यात मागे दिसायला लागतो, आणि मग लोक म्हणतात बघा आम्ही म्हटलं नव्हतं. ट्रॅक्टरची पुस्तकं, कंपनीची माहितीपत्रकं, काहीही असो, त्याला जे वाचावंसं वाटतं ते वाचू दे. चुकलेला शब्द दहा वेळा लिहून काढायची शिक्षा बंद, दहा वेळा चुकीचाच लिहिला जातो. आणि रंगीत चष्मा, डोळ्यांचे व्यायाम, डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारे ब्रेनवाले क्लास, यांच्या नादी अजिबात लागू नकोस, फी ऐकून घेरी येईल आणि हाताला काही लागणार नाही. अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ मध्येच एकत्र सांगून टाकलंय की डोळ्यांच्या व्यायामाने नाहीतर रंगीत काचांनी डिसलेक्सिया सुधारतो याला पुरावा नाही.

राहिले तुझे ‘हे’. त्यांचं वाक्य मी दोनदा वाचलं, ‘मी पण लहानपणी असाच होतो.’ अगं, हे घरांतून चालत येतं, वडिलांना असेल तर मुलाला असण्याची शक्यता बरीच वाढते, त्यामुळे त्यांनी विरोध करता करता सगळ्यात मोठा पुरावाच हातात दिलाय. त्यांना मी काही निदान करत नाहीये इथे बसून. पण एखाद्या रात्री, भांडण नसताना, विचारून बघ की फटके खाऊन खरंच वाचायला सोपं झालं का, की नुसतं लपवायला शिकलात? बँकेत फॉर्म भरायचा असला की कुणाला पुढे करता? व्हॉट्सअॅपवर मोठा मेसेज आला तर वाचता की व्हॉइस टाक म्हणता? टोमणा म्हणून विचारू नकोस, खरंच विचार. पुष्कळ बाप इथे गप्प होतात आणि मग स्वतःच पोराला घेऊन विशेष शिक्षकाकडे जातात. आणि काहींना राग येतो. तसा आला तर थोडे दिवस थांब, पण तोवर फटके बंद हे ठामपणे सांग, त्यात माघार नाही.

मुलाला काय सांगू म्हणतेस, तर खरं तेच सांग, त्याला समजेल अशा भाषेत. म्हणावं, तुझ्या डोक्याला ऐकलेलं पटकन कळतं, वाचलेलं कळायला वेळ लागतो, तसं अजून पुष्कळ पोरांना असतं, त्याची वेगळी शिकवणी असते आणि ती आपण लावतोय. तो विचारेल मी मठ्ठ आहे का. त्यावर टेस्टमधलं जे चांगलं आलंय ते त्याला उघडून दाखव, कोड्यांमध्ये किती मिळाले, आठवणीत किती, पोरांना आकडे आवडतात. आणि ‘मोठा झालास की जाईल’ असं खोटं सांगू नकोस, वाचन सुधारतं, कुठलीशी धडपड आयुष्यभर राहते, पण त्यावर वाटा सापडतात. बाईंना मात्र एकटीने भेट, त्याच्यासमोर नको, आणि एवढीच विनंती कर की वर्गात उभं करून अचानक वाचायला लावू नका, तोंडी परीक्षा घ्या, उत्तर बरोबर असेल तर वेलांटी सोडून द्या. त्यांनीच टेस्ट करा म्हणून सांगितलंय, म्हणजे बाई आपल्या बाजूच्या आहेत.

आणि हो, रिपोर्टच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेव. शाळा मागेल, सिव्हिलला लागेल, पुढच्या शिक्षकाला लागेल. ओरिजिनल कुणालाच देऊ नकोस.

— तुझी मावशी